तपासल्या किती ते कळलं; सापडल्या किती?

८ मार्च जवळ आला की स्थानिक पानांवर एक बातमी ठरलेली असते. अमुक गावात महिलांसाठी आरोग्य शिबिर, इतक्या महिलांची स्तनांच्या कॅन्सरसाठी तपासणी. फोटोत पहिल्या रांगेत मान्यवर, दुसऱ्या रांगेत डॉक्टर, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं त्या बायका मागे कुठेतरी. ऑक्टोबरमध्ये, गुलाबी फिती लावायच्या महिन्यात, पुन्हा तीच बातमी येते. तेव्हा मात्र आपल्याकडे हलक्या धानाची कापणी असते, त्यामुळे गर्दी जरा कमी. (हा महिना कोणी ठरवला असेल तो नक्कीच धान पिकवणारा नव्हता.)

शिबिरं होऊ नयेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. सालेकसा-दरेकसाच्या किंवा देवरीच्या आतल्या गावातल्या बाईला छातीतल्या गाठीबद्दल कोणाशी बोलायची संधी वर्षातून एकदा तरी मिळते, हे काही थोडं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांना विचारलं होतं, की तुमची स्तनांची तपासणी कधी तरी झाली आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्या शंभरात एकही भरल्या नाहीत, ०.९ टक्के होत्या. तेव्हा तपासणी व्हायलाच हवी. माझा प्रश्न त्या बातमीतल्या आकड्याबद्दल आहे. ‘तीनशे महिलांची तपासणी’ हे वाचून आपल्याला नक्की काय कळतं? तीनशे बायका मांडवात आल्या होत्या, एवढंच. त्यातल्या किती जणींना ‘शंका आहे, पुढे दाखवा’ असं सांगितलं? त्यातल्या किती जणी खरंच पुढे गेल्या? किती जणींना कॅन्सर निघाला? आणि सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे, ज्यांना ‘काही नाही बाई, निश्चिंत राहा’ म्हणून घरी पाठवलं, त्यातल्या किती जणींना वर्षभरात गाठ निघाली?

हे चार आकडे नसतील तर ती तपासणी चांगली होती की वाईट, हे कोणालाच सांगता येणार नाही. डॉक्टरांनाही नाही.

आपण बायका घरात रोज अशाच चुका मोजत असतो. तांदूळ निवडताना खडा राहून गेला तर तो दाताखाली येतो. आणि घाईत खड्याबरोबर चांगले दाणेही फेकले, तर सुपाबाहेर धान्य सांडतं. तपासणीच्याही चुका दोनच तऱ्हेच्या. कॅन्सर असून सुटला, ही एक. नसताना संशय घेतला, ही दुसरी. निवडणारीची नजर कशी आहे हे समजायला दोन्ही मोजाव्या लागतात. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते, हेही निवडणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं.

हे मोजणं आपल्या देशात झालेलं आहे. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात ३० ते ६९ वयाच्या १,१५,६५२ निरोगी बायकांना दोन गटांत विभागून एक मोठा अभ्यास सुरू झाला आणि त्याचे पहिले निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटातल्या बायकांची प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी हाताने तपासणी केली. मॅमोग्राफी नाही, यंत्र नाही, फक्त हात. ५०,३६६ बायका तपासल्या गेल्या. त्यातल्या २,८८० जणींना ‘पुढे दाखवा’ सांगितलं. त्या २,८८० मधून कॅन्सर निघाला तो ३० जणींना.

हे आकडे जरा सावकाश वाचा. ‘शंका आहे’ असं ऐकलेल्या दर ९६ बायकांमागे एकीलाच कॅन्सर होता. बाकी ९५ जणींनी धसका घेतला, रात्री जागून काढल्या, नवऱ्याला किंवा भावाला काम बुडवून सोबत नेलं, आणि शेवटी ‘साधी गाठ आहे’ किंवा ‘काहीच नाही’ ऐकून परत आल्या. दुसरी बाजू अशी, की या तपासणीची पकड ५१.७ टक्के निघाली. म्हणजे त्या काळात ज्यांना खरोखर कॅन्सर होता, त्यातल्या निम्म्याच जणी हाताला सापडल्या. सापडल्या ३०, तर साधारण २८ सुटल्या. त्या २८ जणींना कोणीतरी ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलं होतं.

मग हाताने तपासणं बेकार का? असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. त्याच अभ्यासात, तपासणी झालेल्या गटात लवकरच्या टप्प्यातला कॅन्सर लाखामागे १८.८ या दराने सापडला, न झालेल्या गटात ८.१ या दराने. दुपटीहून जास्त. निम्म्या सुटल्या हे खरं, पण ज्या सापडल्या त्यातल्या बऱ्याच जणी वेळेत सापडल्या. आणि ‘काही नाही’ सांगितलेल्या सुमारे साडेसत्तेचाळीस हजार बायकांपैकी २८ सुटल्या, म्हणजे दर सतराशेंमागे एक. याचा अर्थ ‘काही नाही’ हा निरोप बहुतेकींसाठी खरा असतो. पण तो सगळ्यांसाठी खरा नसतो. म्हणूनच घरी पाठवताना एक वाक्य जोडायला हवं: ‘आज काही लागलं नाही, पण पुढे गाठ वाटली, कातडी ओढली गेली, स्तनाग्र आत गेलं की रक्त आलं, तर पुढच्या शिबिराची वाट पाहू नका.’ हे वाक्य बोलायला दहा सेकंद लागतात. आपल्याकडच्या किती शिबिरांत ते बोललं जातं?

आता हाच हिशेब आपल्या जिल्ह्यात आणून पाहू. समजा अर्जुनी मोरगाव किंवा सडक अर्जुनी तालुक्यातल्या काही गावांत मिळून हजार बायका तपासल्या. केरळचाच दर धरला तर ५७ जणींना ‘पुढे दाखवा’ सांगावं लागेल. त्यात खरा कॅन्सर असेल तर एखादीला, नाहीतर एकीलाही नाही. आता या ५७ बायकांचं काय करायचं ते बोला. ‘नागपूरला दाखवा’ असं चिठ्ठीवर लिहिणं सोपं आहे. गोंदियाहून रेल्वेने दोन-अडीच तास, पण त्याआधी गावातून स्टेशनापर्यंत यायचं असतं. एक दिवस डॉक्टर भेटायला, एक सोनोग्राफीला, एक सुईच्या तपासणीला, एक रिपोर्टला. रोवणीच्या दिवसांत असे चार दिवस मोडायचे म्हणजे हंगामाची मजुरी गेली. तेंदूपत्त्याच्या हंगामात तर एक दिवस मोडणंही परवडत नाही. बाई पहिल्यांदा जाते, दुसऱ्यांदा टाळते. आणि ज्या एकीला खरंच कॅन्सर आहे ती टाळणाऱ्यांत असली, तर सगळं शिबिर कशासाठी झालं?

माझ्या ओळखीतल्या एकीला असंच एका शिबिरात गाठ सांगितली होती. कोणत्या ते महत्त्वाचं नाही. चिठ्ठी तिने देवघरात तांदळाच्या डब्याखाली ठेवली. सासूला सांगितलं नाही, कारण घरात नणंदेच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि ‘त्या घरात कॅन्सर आहे’ असं व्हायला वेळ लागत नाही. सात महिन्यांनी ती गेली. गाठ साधी निघाली, फायब्रोअॅडिनोमा, तरुण बायकांत नेहमी आढळणारी. सात महिने ती चिठ्ठी तिच्यासोबत झोपत-उठत होती. या सात महिन्यांत कोणीही तिला विचारायला आलं नाही, की बाई, तू गेलीस का? शिबिराच्या बातमीत मात्र ती मोजली गेली होती.

इथे एक गोष्ट अगदी स्वच्छ सांगते, कारण तिच्यावर फार गोंधळ असतो. ९६ मध्ये एक हा हिशेब तपासणीला आलेल्या, कसलीही तक्रार नसलेल्या बायकांचा आहे. तुमच्या स्वतःच्या हाताला नवी, टणक, न दुखणारी गाठ लागली असेल तर हा हिशेब तुमच्यासाठी नाही. ‘९५ जणींचं काही नसतं, माझंही नसेल’ असं म्हणून घरी बसू नका. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईने काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट. तिन्ही जुळले की निकाल पक्का. आणि ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ हे जे आपल्याकडे बसस्टँडपासून लग्नमंडपापर्यंत ऐकायला मिळतं, ते साफ खोटं आहे. त्या भीतीपायी बायकांचे महिनेच्या महिने गेलेले आहेत.

मॅमोग्राफी केली की प्रश्न मिटला, असं शहरातल्या बहिणींना वाटतं. मिटत नाही, आकडे सुधारतात एवढंच. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींनुसार मॅमोग्राफीची पकड सुमारे ८७ टक्के आहे, आणि निरोगी बाईला निरोगी म्हणण्याचं प्रमाण सुमारे ८९ टक्के. म्हणजे तिथेही शंभर कॅन्सरमागे तेरा सुटतात आणि शंभर निरोगी बायकांमागे अकरा जणींना उगाच बोलावणं येतं. शिवाय तरुण वयात स्तन घट्ट असतात, फोटोत ते पांढरे दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच्या वयात दिसतो, त्यामुळे तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लागू होतील असं समजू नये.

आणि या आकड्यांचा अर्थ डॉक्टरांनाही चटकन लागतो असं नाही. गेर्ड गिगेरेन्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं: शंभरात एकीला कॅन्सर आहे, मॅमोग्राफीची पकड ९० टक्के आहे, निरोगी बायकांत ९ टक्के उगाच संशय येतो, तर संशय आलेल्या बाईला कॅन्सर असण्याची शक्यता किती? बहुतेकांनी ऐंशी-नव्वद टक्के सांगितली. बरोबर उत्तर आहे दहात एक. हजार बायका धरा, दहा जणींना कॅन्सर, त्यातल्या नऊ सापडतील. उरलेल्या ९९० मधून उगाच संशयाच्या ८९. म्हणजे ९८ पैकी ९. हे गणित सहावीतलं आहे. टक्केवारीत सांगितलं की तज्ज्ञ चुकतात, माणसं मोजून सांगितलं की आपल्या आशाताईलाही समजतं. मग आपल्याला सगळं टक्केवारीतच का सांगतात, हा माझा जुना प्रश्न आहे.

महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा पुरावा मुंबईचा. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांना घेऊन अभ्यास सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा त्याचे प्रमुख. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, हाताने तपासणी केली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, हे लक्षात ठेवा. त्यानंतरही दर दोन वर्षांनी दारोदार जाऊन चौकशी चालू ठेवली. वीस वर्षं! २०२१ मध्ये निकाल जाहीर झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत पुढच्या टप्प्यातल्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या कॅन्सरचं प्रमाण ३७ टक्के होतं, दुसरीकडे ४७ टक्के. मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल असं संशोधकांनी प्रामाणिकपणे लिहिलं. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांत मात्र फरक ठाम होता. वर्षाला दर लाखामागे सुमारे ३५ मृत्यूंवरून तो आकडा २५ च्या आसपास आला, म्हणजे जवळजवळ तीस टक्के घट. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा ठाम फायदा दिसला नाही.

मला या अभ्यासातली एक गोष्ट फार आवडते. त्यांनी ‘किती सापडल्या’ यावर समाधान मानलं नाही, ‘किती मेल्या’ हे मोजलं. कारण नुसतं लवकर सापडण्यात एक फसगत असते. एखादी बाई साठाव्या वर्षी जाणारच असेल, आणि तिचा आजार सत्तावन्नऐवजी चोपन्नाव्या वर्षी कळला, तर कागदावर ती निदानानंतर तीनऐवजी सहा वर्षं जगली असं दिसतं. पण ती गेली साठाव्या वर्षीच. म्हणून जाहिरातीत ‘लवकर निदान, इतके टक्के जगतात’ असं वाचलं की मी आधी मृत्यूचा आकडा शोधते.

आता यातून आपल्यासाठी काय निघतं? सरकारी कार्यक्रम ३० वर्षांपासून पुढच्या बायकांसाठी आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरते, त्यात स्तनात गाठ आहे का, आकार बदलला का, रक्तमिश्रित स्राव येतो का, हे विचारते. आणि दर पाच वर्षांनी हाताने तपासणी व्हावी अशी अपेक्षा आहे. पण शिबिराच्या मांडवात पाहा, कोण बसलेलं असतं? बचत गटातल्या तिशी-पस्तिशीच्या बायका. ज्यांच्यात फायदा ठामपणे दिसला त्या पंचावन्न-साठच्या मावशी, काकू, आजी घरी नातवाला सांभाळत असतात. ‘माझं आता काय राहिलं व माय, पोरींना दाखवा’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तपासणाऱ्या सिस्टर एक-दोन, वेळ दुपारपर्यंत, अशी स्थिती असेल तर आधी पन्नाशीपुढच्या बायकांना आणलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. तरुण मुलींना बोलवू नका असं नाही. पण सूनबाई तपासून गेली आणि सासू घरी राहिली, ही उलटी गंगा आहे.

दुसरं असं, की सुटलेल्या बायका मोजायच्या तर कॅन्सरची नोंदणी हवी. केरळच्या अभ्यासात त्या २८ जणी कळल्या, कारण पुढे कोणाला कॅन्सर झाला याची नोंद ठेवणारी यंत्रणा होती. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागाची अशी नोंदणी आहे, नागपूरलाही लोकसंख्येवर आधारलेली जुनी नोंदणी आहे. पण अशा नोंदणीत त्या त्या भागातल्या रहिवाशांचीच गणना होते. गोंदियाची बाई नागपूरला उपचार घेते, तेव्हा त्या दवाखान्याच्या कागदावर ती येते, पण ‘ही बाई दीड वर्षापूर्वी आमगावच्या शिबिरात तपासली होती, तेव्हा काही लागलं नव्हतं’ हे जोडून पाहणार कोण? ज्या सिस्टरने तिला तपासलं होतं, तिच्यापर्यंत हे कधीच पोचत नाही. मग तिचा हात सुधारणार कसा? स्वयंपाकात मीठ जास्त झालं तर जेवणारे सांगतात म्हणून पुढच्या वेळी हात आवरतो. इथे सांगणारं कोणीच नाही.

अलीकडे हातात धरायची यंत्रं, उष्णतेवरून संशय सांगणारे कॅमेरे, कृत्रिम बुद्धिमत्ता असलं बरंच काही शिबिरांतून येऊ लागलं आहे. मांडवात नवं यंत्र आलं की बायकांना बरं वाटतं, आयोजकांना फोटो मिळतो. यंत्राला माझा विरोध नाही. पण त्यालाही तेच चार प्रश्न लागू आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर उष्णतेच्या छायाचित्रणाबद्दल बजावून ठेवलं आहे, की ते मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही.

पैशाचं मोठं काम मी मागत नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने उपकेंद्रातल्या रजिस्टरमध्ये चार रकाने वाढवावेत: तपासल्या, पुढे पाठवल्या, पोचल्या, कॅन्सर निघाला. पाचवा रकाना आशाताईसाठी: ‘काही नाही’ सांगितलेल्या बाईला वर्षाने पुन्हा विचारलं का? पुढे पाठवलेल्या बायकांची सोनोग्राफी आणि सुईची तपासणी गोंदियातच, एकाच ठरलेल्या दिवशी व्हावी, म्हणजे चार फेऱ्यांची एक होईल आणि ९६ मधल्या ९५ जणींना नागपूर गाठावंच लागणार नाही. आशाताईच्या या फेऱ्यांचे पैसे वेगळे द्यावेत, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं. आणि शिबिराची तारीख धानाच्या दिवसांकडे बघून ठरवावी.

आणि आमच्या वर्तमानपत्राच्या बातमीदार भावांना एक विनंती. येत्या ८ मार्चला ‘तीनशे महिलांची तपासणी’ छापा, जरूर छापा. पण गेल्या ८ मार्चच्या तीनशेंचं काय झालं, तेही आयोजकांना विचारा, आणि जे उत्तर मिळेल ते त्याच चौकटीत खाली छापा.